घोड्या बाकाखाली होत्या

मी जॅक बोलतोय, गाडी उचलायचा. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा. माझ्या अंगात गोडवा नव्हताच कधी, तेल होतं. तेही आता गळून गेलं.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, पोटात तेल भरलं आणि म्हणाले, उचल. मी उचलत आलो. पण माझं काम उचलायचं, तासभर तोलून धरायचं नाही. ते काम घोड्यांचं. तीन-तीन पायांच्या लोखंडी घोड्या. मी गाडी वर करायची, त्यांनी खालून टेकू द्यायचा, मग माणसानं आत शिरायचं. एवढी साधी गोष्ट.

माझा मालक लेथवर काम करणारा. हात सोन्याचा, डोकं फिरलेलं. नट हलला नाही की मलाच उचलून त्याच्यावर घालायचा. गाडीचं तेल वेळच्या वेळी बदलायचा, तेही घरीच. माझं मात्र पंधरा वर्षांत एकदाही बदललं नाही. आतलं रबर कुजलं, मी कुरकुरलो, तर लाथ घातली. म्हणाला, "म्हातारा नाटकं करतोय!"

घोड्या कुठे होत्या? मालकाच्या धाकट्या भावानं त्यांच्यावर फळी टाकून अंगणात बाक केला होता. रोज सकाळी त्यावर बसून चहा ढोसायचा. दोघा भावांचं बोलणं सव्वा वर्ष बंद. कारण काय, तर फाटक कोणी उघडं टाकलं! त्या दिवशी एकमेकांच्या नाकातून रक्त काढलं होतं दोघांनी.

त्या रविवारी तेल बदलायला मालकानं इंजिन चांगलं गरम केलं, मागच्या चाकांना दगड लावले, पुढं मला सरकवलं. गाडी वर गेली.

बायको दारातून म्हणाली, "अहो, आधी घोड्या लावा."

"त्याच्या बुडाखाली आहेत."

"मग ऊठ म्हणा की भाऊजींना."

"मी म्हणू? मेलो तरी नाही."

बाकावरून उत्तर आलं, "वहिनी, मागितल्या तर उठेन. तोंड दिलंय ना माणसाला?"

मालक तणतणत आत शिरला. बोल्ट सोडला, काळं तेल घमेल्यात पडू लागलं. मग फिल्टर निघेना म्हणून हातोडी. एकेक घाव माझ्या मणक्यात. मी बोटभर खाली आलो. मग आणखी बोटभर. त्याला पत्ता नाही.

मला ओरडता येत नाही. गळता येतं. मी गळलो.

धाकट्यानं पाहिलं, गाडीचं काळं तेल घमेल्यात पडतंय आणि माझ्या बुडाशी पिवळं तेल पसरतंय. कप फेकला, धावला, भावाचे पाय धरून ओढायला लागला. मालकाला वाटलं, मारायला आलाय. "सोड, हरामखोरा!" म्हणून बुटाची लाथ थेट त्याच्या तोंडावर. दोन दात पडले. दुसरी लाथ. धाकट्यानं पाय सोडले नाहीत.

मग मी बसलो. पुरता बसलो.

डोकं बाहेर आलं होतं. पाना धरलेला उजवा हात मागे राहिला. चाक त्याच्यावर उतरलं. घमेलं चेपलं, कढत तेल उडालं आणि धाकट्याच्या दंडाची सालटी निघाली. बायको किंचाळत राहिली.

रक्त थुंकत धाकटा म्हणाला, "एक शब्द बोलला असतास तर उठलो असतो रे, मुडद्या!"

मालक मातीत पडून ओरडला, "आणि न विचारता उठला असतास तर?"

सव्वा वर्षानं दोघं एकमेकांशी बोलले, ते हे.

लेथवरच्या हाताची तीन बोटं गेली. उरलेल्या हातानं मालकानं माझ्यावर घण घातला, दमेपर्यंत. मी रागावलो नाही. कोणावर तरी घालायलाच हवा होता.

बाक मोडला. आता तेल धाकटा बदलतो. थोरला शेजारी उभा राहून खेकसतो, "आधी घोड्या! हलवून बघ गाडी! मग शीर!" धाकटा शिवी देतो आणि हलवून बघतो.

मी फाटकापाशी पडलोय, ते उघडं राहावं म्हणून. तेच फाटक. येता-जाता ठेच लागली तर खुशाल शिव्या घाला. पण माझ्या एकट्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. बाकावर कोणी बसलं असेल तर त्याला ऊठ म्हणा.