वेताळाची जागा

पंढरी गेला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. बायका अंगणात रडायला बसल्या आणि त्याचा धाकटा भाऊ चंदर मुखवटा भिंतीकडे फिरवायला माजघरात गेला. त्यांच्या पाड्यात ती रीत होती. चैत्रात गावदेवीपुढे बोहाडा व्हायचा, मुखवटे चढवून देव नि राक्षस संबळावर नाचायचे, आणि एकेक सोंग एकेका घराण्याकडे असायचं. नाचवणारा माणूस वारला की त्याच्या मुखवट्याचं तोंड भिंतीला लावून ठेवायचं. पुढच्या बोहाड्यात घरातल्या कुणीतरी तो चढवला, सोंगाची जागा भरली, की मगच गेलेला सुटला. जागा मोकळी राहिली तर तो घर सोडत नाही, असं सगळे मानत.

पंढरीच्या घराण्याकडे वेताळ होता.

चंदर आत गेला तसा बाहेर आला. "खुंटी रिकामी हाय," तो म्हणाला.

अंगणातली रडारड एकदम थांबली. रविना, पंढरीची एकुलती एक लेक, बापाच्या उशाशी बसली होती. तिने वर पाहिलं. आजारपणात बाबा दोन-तीनदा म्हणाले होते, "आपल्या येताळाला नोकरी लागली बरं का." तापाच्या भरात बोलतात म्हणून तिने त्यांचं पांघरूण नीट केलं होतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. रविना कल्याणच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला होती. तिने रजा वाढवून घेतली. लोकांना तिने सांगितलं, बाबांच्या वस्तूंची यादी करायची आहे. ते खोटं नव्हतं. त्या वस्तू म्हणजे दोन पत्र्याच्या ट्रंका आणि टेपरेकॉर्डर ठेवलेली फळी होती, आणि त्यांच्यामुळे पंढरी डोळखांबपासून किन्हवलीपर्यंत 'जपानी पंढरी' म्हणून ओळखला जायचा.

त्र्याण्णव साली मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, पंढरी ज्या धाग्याच्या कारखान्यात होता तिथे, नवीन यंत्रं बसवायला ओगावा नावाचा जपानी इंजिनियर आला होता. कुणीतरी त्याला बोहाडा बघायला आणलं. वेताळ नाचताना तो माणूस हात जोडून उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने पंढरीला आपल्या मुलीचं एक मासिक दिलं. त्यात गाणाऱ्या पोरांचे फोटो होते: पांढरीफटक तोंडं, डोळ्यांभोवती काजळाचे काळे गोल, जांभळे ओठ, कमरेपर्यंत केस, अंगावर राजाराणीची असावीत तशी झगमगती वस्त्रं. दुसऱ्या कुणी ते मासिक हसून टाकून दिलं असतं. पंढरीने पान न् पान पाहिलं आणि म्हणाला, "ही सोंगं हायत. यांच्याकडं पण बोहाडा हाय."

त्या दिवसापासून तो त्यांचा झाला. ओगावाच्या मुलीचं नाव नाओको. तिला इंग्रजी पत्रं लिहायची ती सहावी-सातवीतल्या रविनाने, बापाने सांगितलेली, शाळेतल्या इंग्रजीत. पंढरी तिला मुखवट्यांची चित्रं काढून पाठवायचा, ती कॅसेटी आणि मासिकं पाठवायची. पुढे सीडी येऊ लागल्या. घरात त्या वाजवायचं यंत्र नव्हतं, तरी तो मागवायचा. प्रत्येक सीडीला कडेने जपानी अक्षरांची एक कागदी पट्टी असते. ती फाटली की वस्तूचा जीव गेला, असं तो म्हणायचा, आणि वेष्टण काढताना श्वास रोखून धरायचा. मासिकांच्या पानांत कडुलिंबाचा पाला. कॅसेटींवर मराठी आकडे. ऐकून झालेली कॅसेट मागे गुंडाळून, टेपरेकॉर्डरच्या आकडे मोजणाऱ्या छोट्या खिडकीत तीन शून्यं आल्याशिवाय तो उठत नसे. "पावण्याला वाटंत सोडून येऊ नाय," म्हणायचा.

लोक चिडवायचेच. चंदरची बायको गिरजा तर दारातून ओरडायची, "भावजी, या कोण बाया भिंतीवर लावल्यात?"

"बाया नाय, बापे हायत."

"मंग तुमच्या येताळाची भावकी ती!"

"तेच सांगतोय ना कधीचा," पंढरी म्हणायचा, आणि त्याला ती थट्टा वाटायची नाही.

सगळ्यांत त्याचा जीव होता 'सुझुनारी' नावाच्या चौघांच्या संचावर, आणि त्या चौघांत शिओ नावाच्या गिटारवाल्यावर. नव्याण्णवमध्ये शिओ वारला, सव्वीस वर्षांचा. नाओकोने कळवलं की उरलेल्या तिघांनी दुसरा माणूस घेतला नाही. रंगमंचावर त्याची जागा तशीच ठेवतात, तिथे नुसता उजेड पाडतात. तिला ते सुंदर वाटत होतं. पंढरीने मात्र शिओचं पोस्टर भिंतीकडे तोंड करून लावलं आणि रविनाला म्हणाला, "जागा मोकळी ठेवायची नसते गो. ते पोर कसं सुटायचं?"

पत्रात असं काय लिहायचं, म्हणून रविनाने ते वाक्य गाळलं होतं.

आता ती एकटी त्या घरात यादी करत होती. सकाळी वीज जायची ती दुपारी दीडला यायची. त्या वर्षी भारनियमनाचं ते वेळापत्रकच होतं. आठवडाभराने एका दुपारी वीज आली आणि टेपरेकॉर्डर आपोआप सुरू झाला. शिओची गिटार घरभर झाली. ती दचकली, मग स्वतःवरच रागावली. बटण दाबलेलं राहिलं असणार. तिने बटण बंद केलं, कॅसेट मागे गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी दीडला तेच. तिसऱ्या दिवशी तिने वायर भिंतीतून काढून ठेवली. वीज आली, दिवा लागला, घर शांत होतं. तिने जवळ जाऊन पाहिलं. खिडकीत शून्यं नव्हती, दोनशे चौदा होते. टेपरेकॉर्डरच्या पाठीला हात लावला तर ती ऊन लागत होती.

तिने वायर परत लावली.

त्यानंतर ती दुपारी कुठे जाईनाशी झाली. एकच्या आत भात उरकून ती फळीसमोर बसायची. ती कॅसेट पंचाण्णव सालची होती. बाबांनी दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून तिची नक्कल केली होती, त्यामुळे घरातले आवाजही तिच्यात उतरले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये कोंबडी ओरडायची, मग तेरा वर्षांची रविना हाक मारायची, "बाबा, जेवायला चला," आणि बाबा हलकेच खाकरायचे. तेवढंच. तेवढ्यासाठी ती दिवसभर थांबायची.

फाल्गुन सरत आला तसा चंदर आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि रविनाकडे न बघता म्हणाला, "खरं सांग गो. जुने मुखवटे घ्यायला लोक फिरतात. कुणाला दिलास?"

"मी नाही दिला, काका."

"तू नाय दिलास, दादानं नाय दिला. मंग येताळ काय पायानं चालत गेला?"

"गेला पण असंल," बरोबर आलेली गिरजाकाकू पुटपुटली, पण या वेळी तिचं तिलाच हसू आलं नाही.

"पंच विचारतील बोहाड्यात, समद्यांसमोर," चंदर म्हणाला. "आपल्या घरान्याची जागा मोकळी जानार. मला ते सोंग घ्यायचंय म्हणून नाय बोलत. दादा अडकंल."

रविनाने रिकामा तांब्या उचलला. मुखवटा कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं. पण आपण तो शोधत नाही आहोत, हे तिला त्या क्षणी कळलं.

चार दिवसांनी पोस्टमन राघो सायकलवर एक खोकं बांधून आला. "पंढरीशेठचं जपान," तो म्हणाला आणि सवयीने हसला, मग आठवून त्याने पावती पुढे केली. "तुमीच सही करा, ताई."

वर नाओकोचं अक्षर होतं. आत पत्र.

पंढरीकाकांचं पार्सल दिवाळीत मिळालं, नाओकोने लिहिलं होतं. त्यात मुखवटा होता. अक्षर एकही नव्हतं, फक्त एक चित्र: चार माणसांची जागा, तीन माणसं, आणि चौथ्या जागेवर हा मुखवटा. ती ते घेऊन शिओच्या आईकडे गेली. चित्राचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. अठरा फेब्रुवारीला सुझुनारीचा कार्यक्रम झाला. संध्याकाळी पाच वाजता दिवे लागले तेव्हा शिओच्या जागी, गिटारच्या वर, मुखवटा टांगलेला होता. आठ वर्षांत पहिल्यांदाच शिओची आई शेवटपर्यंत बसली. तिने परतभेट पाठवली आहे; आमच्याकडे दिलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत.

आमच्याकडेही नाही करत, रविनाच्या मनात आलं. मग तिने तारीख पुन्हा वाचली. बाबा गेले तोच दिवस. तिकडचे पाच म्हणजे इकडचे दीड.

सोबत फोटो होता. निळ्या उजेडात बाबांचा वेताळ, डाव्या गालावरची चीर झाकायला त्यांनी काढलेल्या तीन पांढऱ्या ठिपक्यांसकट. खाली पातळ कागदात गुंडाळलेले शिओचे बूट: काळे, गुडघ्यापर्यंत येणारे, चार बोटं जाड तळव्यांचे, तळव्याला खोल चौकटी. आत घामाचे डाग होते. आईने ते पुसले नव्हते.

तिचं नाव राखायला फोटो पुरेसा होता. धावत जाऊन चंदरकाकाला दाखवावा, एवढंच करायचं होतं. तिने बूट कागदात गुंडाळले आणि फोटोसकट ट्रंकेत तळाशी ठेवले. पंचांनी चोर म्हटलं तर म्हणू देत. दीड वाजायला आला होता.

वीज आली. दोन गाणी झाली. कोंबडी ओरडली, लहान रविनाने हाक मारली, बाबा खाकरले. आणि खाकरणं थांबलं नाही. उबळ आली, एकातून दुसरी, श्वास आत ओढताना छातीतून निघणारी शीळ, मग पुन्हा उबळ. पंचाण्णव साली बाबांना खोकला नव्हता. कारखान्यातल्या कापसाने छाती धरली ती पुढे सात-आठ वर्षांनी. ही उबळ तिने माघात रात्रंदिवस ऐकली होती, पाठीवर हात फिरवत.

दुसऱ्या दिवशी ती अधिक लांबली. तिसऱ्या दिवशी तिसरं गाणं सुरूच झालं नाही. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत बाबा खोकत होते.

रविनाने ट्रंक उघडली.

चंदर अंगणात फावड्याला दांडा बसवत होता. तिने फोटो त्याच्या हातात दिला, पत्र वाचून दाखवलं, बूट पुढे ठेवले. त्याने फोटो जवळ धरला, लांब धरला. तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"एवढ्या लांब," तो म्हणाला. मग बुटांकडे बघून विचारलं, "आनि ह्ये त्या पोराचं?"

"हो."

"त्याची जागा आपल्या येताळानं भरली. मंग आपली त्यानं भरायची, असंच ना?"

"मला नाही माहीत, काका."

"दादाला म्हाईत व्हतं." त्याने बूट उचलून पाहिले. "माझं पाय जायाचं नाय यांत. मी हातात नेतो."

पंचांनी तासभर वाद घातला. शेवटी जागा मोकळी जाण्यापेक्षा हे बरं, यावर ते आले.

बोहाड्याची शेवटची सोंगं उजाडताना निघतात. वेताळ गेला की त्यामागे जगदंबा. मंडपापासून देवळापर्यंतची वाट दर सोंगानंतर झाडून काढत, त्यावर पाणी शिंपडत. रविना बायकांच्या रांगेत अगदी पुढे उभी होती. तिच्या हातात शिओचं पोस्टर होतं, भिंतीवरून काढलेलं, तोंड बाहेर करून.

चंदर आला. अनवाणी, कमरेला लिंबाचा पाला, डोक्याच्या वर दोन्ही हातांनी धरलेलं सूप आणि सुपात काळे बूट. कुणीतरी हसायला गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. संबळवाल्याने वेताळाचा ठेका धरला. पाच-सहा पावलं तो ठेका नीट चालला, मग त्यात मध्येच एक जादा ठोका पडू लागला, जड, ओल्या जमिनीवर काहीतरी आपटावं तसा. संबळवाला मान वळवून आपल्याच हातांकडे बघत होता. चंदर देवळापर्यंत नाचत गेला, फिरला, परत आला. जगदंबेसाठी पिपाणी सुरू झाली आणि सगळ्यांची तोंडं तिकडे वळली.

चंदर रविनाजवळ येऊन उभा राहिला. धापा टाकत होता.

"सूप मधीच हलकं झालं गो," तो हळूच म्हणाला. "देवळाकडं जाताना. परत येताना पुन्ना जड."

ती वाटेकडे बघत होती. उजेड आता पुरेसा होता. ओल्या मातीत चंदरच्या अनवाणी पावलांचे ठसे उमटले होते, आणि त्याच्यापुढे हातभर अंतरावर, फक्त देवळाकडे जाणारे, खोल चौकटींचे दुसरे ठसे. झाडणारी बाई खराटा घेऊन आली आणि तिने ते सगळे एकत्रच झाडून टाकले.

रविना घरी आली. बूट तिने माजघरातल्या खुंटीखाली ठेवले. तळव्यांना लाल माती लागली होती, ती तिने पुसली नाही. पोस्टर सुलटं भिंतीवर लावलं. भात केला, पण जेवली नाही. एक वाजता नेहमीच्या जागी, फळीसमोर जाऊन बसली.

दीडला दिवा लागला. गावातून कुठूनतरी पिठाच्या गिरणीचा आवाज सुरू झाला. टेपरेकॉर्डर गप्प होता. वायर लावलेली होती, बटण वर होतं. ती पुढे सरकली आणि खिडकीत पाहिलं. काल तिने कॅसेट संपलेली तशीच सोडली होती, मागे गुंडाळली नव्हती.

खिडकीत तीन शून्यं होती.