चाळीस मिनिटं

"बाबा, शाल काय आपोआप अंगावर आली?" रात्रपाळी करून आलेल्या मुलीने चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"आपोआप कशी येईल? तुझ्या आईने घातली. मला थंडी वाजत असेल हे कळलं ना तिला? आणि तुम्ही म्हणता, तिला काही कळत नाही."

"आणि ती उठली ते तुम्हाला कळलं नाही."

यावर हलूनका मास्तरांनी शालीची घडी घालायला घेतली. स्टुडिओत चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'हलू नका, हलू नका' म्हणून म्हणून हे नाव त्यांना कायमचं चिकटलं होतं. पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेला माणूस श्वास घ्यायलाही भ्यायचा.

"फाटकाची कडी तशीच होती," ते शेवटी म्हणाले. "चाळीस मिनिटांनी उठून मी कॅमेऱ्याचं शटर बंद केलं, मग जरा डोळा लागला. एवढंच."

महिन्यापूर्वी आई पहाटे कालव्याच्या काठावर सापडली होती. पाय पाण्यात सोडून बसलेली. दूधवाल्याने हाताला धरून घरी आणली. मग फाटकाला कुलूप घालून पाहिलं, तर तिने ते रात्रभर ओढून ओढून दोन्ही हात सोलवटून घेतले. मुलीने अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत चौकशी केली, अर्जही आणला. मास्तरांनी तो अर्ज भरू दिला नाही. रात्री मी अंगणात राखण करीन, म्हणाले. ती एकदा जरी फाटकाबाहेर गेली तर मी स्वतः नेऊन सोडीन. मुलीने ते मान्य केलं, कारण आपले बाबा शब्दाला किती पक्के आहेत हे तिला ठाऊक होतं.

राखणच करायची तर हात बांधून कशाला बसा, म्हणून त्यांनी जुना फिल्मचा कॅमेरा बाहेर काढला. लग्नानंतरचा दोघांचा हाच एक शौक होता. अंधाऱ्या रात्री कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, शटर उघडं टाकायचं आणि चाळीस मिनिटं गप्प बसायचं. तेवढ्या वेळात तारे सरकतात आणि फिल्मवर त्यांच्या रेघा उमटतात. मास्तर बसल्या जागी घोरणारे, त्यामुळे मास्तरांचं घड्याळ आणि टॉर्च बायकोकडे असे. वेळ भरली की ती त्यांच्या खांद्यावर टिचकी मारायची. इतक्या वर्षांत एका मिनिटाची चूक नाही.

काल रात्रीही अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून, शटरच्या केबलचा स्क्रू आवळून त्यांनी ते उघडं ठेवलं आणि खिडकीतून आत पाहत ते सवयीने बोलून गेले, "चाळीस मिनिटांनी उठव गं." मग व्हरांड्यातल्या बारक्या दिव्याच्या उजेडात, फाटकासमोर खुर्ची टाकून बसले. घात झाला तो तिथे. जिच्यावर पहारा करायचा, तिच्यावरच पहारा सोपवून मास्तर निर्धास्त झाले.

दुपारी मुलगी झोपल्यावर त्यांनी न्हाणीघराचं दार लावून फिल्म धुतली. ओली निगेटिव्ह खिडकीशी धरली.

फिल्मवर उजेड काळा उमटतो. ताऱ्यांच्या काळ्या रेघा ध्रुवाभोवती लांबच लांब गेल्या होत्या. त्यांनी मुलीच्या शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक शोधून काढला. तासाला पंधरा अंश, हा हिशोब पाठ होता. चाळीस मिनिटांचे दहा व्हायला हवेत. भरले पंचेचाळीस. शटर तीन तास उघडं होतं.

खालच्या बाजूला खुर्चीत मास्तर अगदी स्पष्ट आले होते. न हलणारं इतकं गुणी गिऱ्हाईक त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. बायको मात्र कुठेच नव्हती. चालणारा माणूस अशा फोटोत येत नाही. तिच्या टॉर्चची रेघ तेवढी आली होती. व्हरांड्यातून निघून खुर्चीला वळसा घालून फाटकाबाहेर, चढावर, कालव्याच्या काठापर्यंत. जाताना पाठमोरी म्हणून फिकट, येताना समोरून म्हणून ठळक. काठावर एक जाड काळा ठिपका होता. तिथे ती बराच वेळ उभी होती.

मास्तर न्हाणीतल्या पाटावर बसले आणि तोंडात टॉवेल धरून रडले.

डोळे पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. परतलेली रेघ फाटकाशी थोडी अडखळली होती. कडी लावली असणार. मग खुर्चीपाशी घुटमळली. शाल. तिथून ती सरळ कॅमेऱ्याकडे येऊन कोपऱ्यात एका मोठ्या डागात संपली होती. पुढे काही नव्हतं. शटर त्यांनी बंद केलंच नव्हतं. तिने केलं होतं, स्क्रू सैल करून, जसं शिकवलं होतं तसं. वेळ चुकली होती, काम चुकलं नव्हतं.

कात्री हाताशी होती. तेवढा तुकडा कापून मोरीत टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी कात्री उचलली, ठेवली, आणि प्रिंट काढायला घेतली.

संध्याकाळी मुलगी ड्यूटीला निघाली तेव्हा प्रिंट टेबलावर होती. "अय्या, छान आलाय की! आणि तुम्ही बघा कसे झोपलाय," ती हसली. मग तिचं बोट रेघेवर गेलं. "हे काय? कुणी सायकलवाला गेला वाटतं."

नुसती मान हलवायची होती. आतून बायको विचारत होती, "अहो, वेळ झाली का?" दिवसातून पन्नासदा विचारायची.

"सायकलवाला आपल्या फाटकाची कडी कशाला लावेल?" मास्तर म्हणाले.

मुलीने फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. खांद्यावरची पर्स खाली ठेवून ती खुर्चीत बसली.

"मला कळलंही नसतं, बाबा."

"ठाऊक आहे."

"मग कशाला सांगितलंत?"

"काठावर थांबली होती ती. मी घोरत होतो." त्यांनी टेबलाचा खण उघडला. "अर्ज कुठे ठेवलायस?"

चार दिवसांनी संस्थेच्या व्हरांड्यात नर्सने बायकोला खुर्ची दिली. मुलगी आत औषधं समजावून सांगत होती. बायकोने सगळीकडे पाहून घेतलं, मग मास्तरांची बाही धरली.

"अहो, किती वेळ?"

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ सोडून तिच्या तळहातावर ठेवलं. "चाळीस मिनिटं."

"बरं. तुम्ही झोपा हवं तर. मी उठवते."

मुलगी बाहेर आली तसे दोघं निघाले. फाटकापाशी मास्तरांनी एकदा मागे वळून पाहिलं. बायको घड्याळावर डोळे लावून बसली होती, अजिबात न हलता.