कळंबच्या पंपखोलीवरचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यात माझा दोष नाही. ज्याच्याकडे माझी किल्ली नाही तो परका, मग तो हसत येवो की रडत, एवढे एकच शिकवून कारागिराने मला जगात पाठवले.

माझी पहिली नोकरी चौक गावी, जुन्या हायवेला लागून असलेल्या एका भातगिरणीवर. गिरणीचे मालक अप्पा. दरवर्षी खंडेनवमीला ते मला दारावरून उतरवत, फडक्याने लख्ख पुसत, शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब माझ्या पोटात सोडत आणि हळदकुंकू लावून वर झेंडूचे फूल ठेवत. "हे आहे म्हणून मला निवांत झोप लागते," असे आल्यागेल्याला सांगत. मला ते ऐकायला फार आवडे.

पुढे अप्पा थकले. गिरणी बंद पडली, त्या जागी ढाबा आला आणि ढाब्याला शटर लागले. शटरला माझा काय उपयोग? मला शेजारच्या गॅरेजमध्ये एका खोक्यात टाकले. गंजक्या नटबोल्टांत मी कित्येक वर्षे पडून होते. पितळेवर हिरवट थर चढला. माझी कुणी चौकशीही केली नाही.

तिथून मला वाघ्याने उचलले. वाघ्या हा मोरूशेठचा माणूस. मोरूशेठचे कळंबजवळ फार्महाऊस होते. 'लवकरच रिसॉर्ट' अशी पाटी होती, पण पाहुणा कधी आलेला दिसला नाही. मागच्या बाजूला, आंब्यांच्या आड, एक पंपखोली होती. तिच्या कडीला मला अडकवले. पुन्हा काम मिळाले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. खोलीतला पंप तर केव्हाच काढून नेला होता. आत राहिले होते एक मोडके टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात पंपाचा लोखंडी पाना. रिकाम्या खोलीला एवढे दणकट कुलूप कशाला?

उत्तर मिळाले ते एका दुपारी. वाघ्या आणि त्याच्या माणसांनी एका बाईला ओढत आणले. अंगात खाकी गणवेश, खांद्यावरची पट्टी उसवून लोंबत होती. ती वनखात्यातली वनपाल, संध्या निरगुडे. डोंगराखालच्या ठाकरवाडीची लेक. वाडीतून खाकी घालणारी पहिलीच. मोरूशेठ जंगलाच्या हद्दीतला डोंगर मशिनी लावून पोखरत होता. ती माती नेरळकडच्या नव्या इमारतींच्या भरावाला जाई. संध्याने त्याच्या मशिनी जप्त केल्या होत्या. त्या दिवशी ती पुन्हा डोंगराकडे निघाली होती. पुढे तिची मोटारसायकल, मागे वनरक्षक जगदीशची. वळणावर जीप आडवी आली. तिला खाली खेचले तेव्हा तिने मागे वळून पाहिले. जगदीशने गाडी फिरवली होती आणि तो आला त्या वाटेने निघून गेला होता.

हे सारे मला बोलण्यातून कळत गेले. कारण मोरूशेठ खोलीत येई तेव्हा मला काढून हातातच घेऊन येई आणि टेबलावर, बरोबर तिच्या समोर ठेवी. किल्ली मात्र खिशात. मी टेबलावर का, हे तिला कळावे म्हणूनच तो तसे करत होता.

मोरूशेठचा आवाज मऊ होता. तो कधी ओरडत नसे.

"चहा घ्या मॅडम," तो म्हणाला. "तुम्हाला इथं कुणी बोट लावणार नाही. मला फक्त एक नाव पाहिजे. आमची मशीन कधी चढते, हे तुम्हाला वाडीतून कोण सांगतं?"

संध्याने चहाकडे पाहिले नाही. "वनखात्याच्या अधिकाऱ्याला कोंडलंय तुम्ही. याचा अर्थ कळतो का?"

"कोण अधिकारी?" तो हसला. "तुमचा फोन एका टेंपोत टाकून पुण्याच्या दिशेनं पाठवलाय. शोधणारे तिकडं शोधतील. इथं आहेत फक्त तुम्ही, मी आणि हे कुलूप." मग थोडे थांबून म्हणाला, "जगदीशनं गाडी फिरवली, ते बघितलं ना तुम्ही? घाबरून पळाला असं वाटलं असेल. तो आमचाच माणूस आहे."

संध्याची बोटे टेबलाच्या कडेवर घट्ट झाली.

उठता उठता तो म्हणाला, "तुमची आई, जनाबाई, वाडीवर एकटीच असते ना? वय झालं हो त्यांचं."

त्याने मला पुन्हा कडीला अडकवले. आत ती बराच वेळ येरझारा घालत होती. खरे सांगते, माझाही जगदीशवर संशय बसला. गाडी फिरवून पळणाऱ्याचे दुसरे काय समजायचे?

संध्याला खबर देणारा वाडीतला एक म्हातारा होता. त्याला आपण गोमा म्हणू. त्याचे खरे नाव मी तुम्हालाही सांगणार नाही.

दिवस कलला तेव्हा फार्महाऊसवर स्वयंपाक करणारी इंदूबाई भाकरी घेऊन आली. मोरूशेठकडून किल्ली घेऊन वाघ्याने दार उघडले, मला कडीलाच लटकत ठेवले आणि तो मुद्दाम पायांचा आवाज करत दूर गेला. त्यामुळे मला बाहेरचे सगळे दिसत होते. भिंतीला अगदी चिकटून, श्वास रोखून, मोरूशेठ उभा होता.

आतून इंदूबाईची कुजबुज आली. "पोरी, मला काय ता सांग गं. कोनाला निरोप द्यायचा हाय? वाडीतलं तुजं मानूस कोन? मी पोचवते."

मित्रांनो, कुलपाला ओरडता आले असते तर! संध्याला भिंतीपलीकडचा माणूस दिसत नव्हता. तिला दिसत होती ती फक्त इंदूबाई. भाकरीचे ताट खाली ठेवताना बाई एकदा दाराकडे बघे, एकदा भिंतीकडे, पण तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

"निरोप काही नाही, मावशी," संध्या म्हणाली. "भाकरी चांगली झालीय."

इंदूबाई पदराने तोंड पुसत बाहेर आली. मोरूशेठने मान हलवली, दार ओढून मला पुन्हा अडकवले आणि तो निघून गेला. ती मात्र तिथेच क्षणभर उभी राहिली, बंद दाराकडे बघत. तिच्या मनात काय चालले होते ते मला कळले नाही. मी तिच्यावरही संशयच घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरूशेठ पुन्हा आला. मला टेबलावर ठेवले आणि माझ्या शेजारी एक खाकी टोपी ठेवली. आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याने 'ज' विणलेला होता.

"ओळखली? तुमचा जगदीश चौकला आमच्या गॅरेजवर बसून चहा पितोय. सगळं सांगितलं त्यानं. कुठं गेलात, कुणाला भेटलात, कोण काय बोललं, सगळं. आता तुम्ही गप्प राहून कुणाला वाचवताय मॅडम? खातं विसरलं, तुमचा माणूस विकला गेला. आता तेवढं नाव तुमच्या तोंडून येऊ द्या, की सोडतो तुम्हाला."

संध्याने टोपी हातात घेतली. बोटाने तो निळा 'ज' चाचपला. तिचे खांदे खाली आले, डोळे भरले. झाले, मी मनात म्हटले, मोडली ही.

"जगदीश असा असेल असं वाटलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मला जरा विचार करू द्या. संध्याकाळपर्यंत."

मोरूशेठ खूश झाला. जाताना शीळ वाजवत होता.

तिच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे तिने पुढे पोलिसांना त्याच खोलीत उभे राहून सांगितले, तेव्हा मला समजले. गोमाने पहिल्यांदा आठवड्याच्या बाजारात खबर दिली, तेव्हा जगदीश तिच्या शेजारीच उभा होता. त्याला नाव माहीत होते. तो खरेच विकला गेला असता तर मोरूशेठला तिच्याकडे नाव मागायची गरजच पडली नसती. टोपी त्यांच्या हाती कशीही लागली असेल, पण जगदीश त्यांचा नव्हता. ती मोरूशेठला तिथल्या तिथे खोटे पाडू शकली असती. पण तसे केले असते तर जगदीशलाही नाव माहीत आहे हे त्याला कळले असते, आणि मग तो जगदीशच्या मागे लागला असता. म्हणून ती रडली, आणि मोरूशेठला जिंकल्यासारखे वाटू दिले.

दुपार सरत आली तेव्हा झाडांमागे पावले वाजली. एकदोन माणसांची नव्हेत, पुष्कळ माणसांची. वाघ्या दिसेनासा झाला होता. पुढे एक माणूस बोडक्या डोक्याने येत होता. कपाळाला फडके गुंडाळलेले, एक पाय ओढत चाललेला. मागे वाडीची बायामाणसे, आणि सर्वांत मागे इंदूबाई.

तो माणूस दाराशी येऊन म्हणाला, "मॅडम, मी जगदीश. आत हायेत का तुमी?"

आतून उत्तर आले नाही.

"मॅडम, वाडी आलीय संगं. पोलीस पण येतायत मागनं."

तरीही काही नाही. मग एका म्हातारीचा आवाज फुटला. "संध्या, मी हाय गं. बोल ना."

तो आईचा आवाज होता. आत पाना जमिनीवरून उचलल्याचा आवाज मी ऐकला. ती का गप्प होती ते मला लगेच कळले, कारण मीही तेच केले असते. आईचा आवाज म्हणजे आई सुटली असे नव्हे; आई धरून आणली असेही असू शकते. बंद दारामागून येणाऱ्या कुठल्याच आवाजावर तिचा भरवसा उरला नव्हता.

किल्ली मोरूशेठच्या खिशात होती. गोमाने पंपखोलीजवळच्या विहिरीवरचा मोठा दगड उचलला आणि माझ्यावर घातला. मी सहजी तुटणारे नव्हते. पण मित्रांनो, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला तुटावेसे वाटले. पुन्हा दगड पडला, पुन्हा पडला, आणि माझा आकडा निखळला.

दार उघडले. संध्या पाना उगारून उभी होती. तिने एकेकाचा चेहरा पाहिला. आईचा, वाडीच्या माणसांचा, कपाळाला रक्ताळलेले फडके बांधलेल्या जगदीशचा. मग पाना हातातून गळाला.

इंदूबाईनेच सकाळी वाडीच्या विहिरीवर जनाबाईला गाठून ही खोली सांगितली होती. "काल मला उभं केलं व्हतं तुला फसवायला," ती रडत म्हणाली, "ता मला जेवू देईना." तिचे ऐकावे की न ऐकावे, हा सापळा तर नाही ना, यावर वाडीतही वाद झाला होता. शेवटी जगदीश म्हणाला होता, सापळा असला तरी जायचंच.

गाडी फिरवून मदतीला धावताना जगदीश घाटात पडला होता. टोपी तिथेच राहिली ती मोरूशेठच्या माणसांना सापडली, फोन फुटला. तसाच लंगडत तो वाडीवर पोहोचला आणि तिथून पोलिसांना कळवले, पण ते संध्याच्या फोनच्या मागावर पुण्याकडे शोधत राहिले.

संध्याने त्याची टोपी त्याच्या हातात दिली. "जगदीश, काल रात्रभर मी तुमच्यावर संशय घेतला."

त्याने टोपी झटकली, पण घातली नाही. "मॅडम, गाडी फिरवली तवाच मला म्हाईत व्हतं, तुमाला काय वाटंल ता. तरी फिरवली. दोघं सापडलो असतो तर कोन आलं असतं?"

 संध्याने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मोरूशेठ आणि वाघ्या आता कोठडीत आहेत. मी कर्जतला पोलिसांच्या कपाटात, अंगाला चिठ्ठी बांधून पडले आहे. खटल्यात मला दाखवतील, मग बहुधा भंगारात देतील.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी, इमानी वस्तू असेल तर तिला तेलपाणी करा, खोक्यात फेकू नका. फेकलेली वस्तू कुणाच्याही हाती लागते, आणि तिला नको ते काम करावे लागते. माणसांचेही तसेच असावे. आणि कुणी मऊ आवाजात तुमच्याच माणसाविषयी तुमचे कान भरू लागला, तर खुशाल संशय घ्या. पण पहिला संशय त्या आवाजावर घ्या.