गाळलेली पानं

वहिनी दारात चपला काढत होती, तेवढ्यात आतून नणंदेने बजावलं, "आज एक ओळ जरी खाल्लीस ना, तर उद्यापासून येऊ नकोस. मी रेडिओ ऐकत बसेन."

"वन्सं, आधी पाणी तरी विचारा."

"जगमध्ये आहे. तुझं तू घे."

ओळी खाण्याचं बोलणं खरं होतं, म्हणूनच वहिनीला झोंबलं. काचबिंदूने नणंदेचे डोळे गेले तेव्हापासून वहिनी रोज अकरा ते एक तिला वाचून दाखवायची. आवाज खणखणीत, तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करून कमावलेला. गेल्या महिन्यात नणंदेने एका नावाजलेल्या कादंबरीकाराचं आपलं लाडकं पुस्तक तिच्या हातात दिलं. त्यातली सून अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून निघून जाते आणि लेखक तिचं कौतुक करताना थकत नाही. वहिनीच्या ते डोक्यातच गेलं. नऊ वर्षं सासूचं हगणंमुतणं काढलेल्या बाईने यावर माना डोलवायच्या की काय! तिने आधी एक पान गाळलं, मग चार, मग अख्खं प्रकरण. हिला कुठे दिसतंय?

पण नणंदेला ते पुस्तक जवळजवळ पाठ होतं. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साठेक पानं घरी ठेवून आलीस वाटतं. आणि उरलेली अशी वाचलीस, जणू तिचं दुःख सात नंबरच्या फलाटावर लागलंय."

त्यानंतर पंधरा दिवस दार बंद. वहिनीला घर खायला उठलं. नवरा गेलेला, मुलं लांब. अकरा ते एक एवढाच काय तो तिचा दिवस होता. शेवटी तिनेच फोन करून माफी मागितली. नणंदेने अट घातली: त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक, दोघींनीही न वाचलेलं, आणि अक्षर न् अक्षर.

"एका पुस्तकावरून माणसावर कायमची फुली मारतेस?" नणंद म्हणाली होती.

"तुम्ही माझ्यावर मारलीतच की."

वहिनी वाचायला बसली खरी, पण बूड टेकत नव्हतं. खुर्ची पंख्याखाली ओढली, मग खिडकीशी नेली. चष्मा पुसला, दोन पानांनी पुन्हा पुसला. या कादंबरीत एक म्हातारा आजारी बायकोची सेवा करत होता. आता हाही कंटाळून पळणार आणि लेखक टाळ्या पिटणार, म्हणून ती दात-ओठ खात वाट बघत होती. म्हातारा पळाला नाही. त्याने बायकोला कुशीवर वळवून, अर्धी चादर गुंडाळून, तिला न उचलता चादर बदलली. हे ज्याने स्वतः केलंय त्यालाच असं लिहिता येतं, हे वहिनीला कबूल करावं लागलं. तिच्या आवाजातला फलाट हळूहळू गेला. नणंदही पाय हलवायची थांबली.

घोषणा करणाऱ्या माणसाची नजर तोंडाच्या एक ओळ पुढे असते. पान उलटताच वहिनीला पुढची ओळ दिसली आणि ती वाचायची थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. ऊन येतंय." ती उठली, पडदा ओढला, पुन्हा बसली. ही ओळ गिळली तर नणंदेला या जन्मात कळणार नव्हतं, हे पुस्तक काही तिला पाठ नव्हतं. आणि वाचली तर? समोर बसलेली बाई त्याच सासूची मुलगी होती. भीती वाटत होती, सरळसरळ भीती. मग तिने वाचलं.

"त्या दिवशी तिचा ताप उतरला, आणि मला आनंद झाला नाही."

नणंद म्हणाली, "पुन्हा वाच."

वहिनीने पुन्हा वाचलं. आवाज चिरकला.

"हे तू मनाचं घातलंस."

"नाही हो. छापलंय."

"कुठे? दाखव." नणंदेने हात पुढे केला. वहिनीने तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

"आणि तू?" नणंदेने विचारलं.

खोटं बोलायला जागाच नव्हती. "पाचव्या वर्षी," वहिनी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही आनंदाने रडायला लागलात. फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून मीही रडले. आनंदाने नाही, वन्सं."

नणंदेचं बोट त्या ओळीवरून हललं नाही.

"मीही आनंदाने नव्हते रडले," ती म्हणाली.