कोऱ्या दोरीचे टाळ

दर गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या भालचंद्रकाकांचा मेसेज येतो, "अक्षया, सातला भजन आहे. ये गं." तीन वर्षं माझं उत्तर ठरलेलं: मीटिंग आहे, ट्रॅफिकमध्ये अडकलेय, डोकं दुखतंय. खरं तर त्या वेळी मी फरीदाबादच्या या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून खालचे अभंग ऐकत असते. बाबा रोज म्हणायचे ते. बाबा गेल्यापासून आमच्या घरात कुणी म्हटले नाहीत. मला सगळे पाठ आहेत, पण तोंड उघडत नाही.

या गुरुवारी मेसेजच आला नाही. माझं डोकंच फिरलं. अच्छा, आता बोलावणंही बंद? जाब विचारायला मी तरातरा जिना उतरले.

दार उघडंच होतं. आत दहाबारा माणसं बसलेली.

"फोन बिघडलाय गं," काका म्हणाले. "आज कोणालाच कळवलं नाही."

तरी सगळे आले होते.

काकांनी खुंटीवरचे टाळ काढून माझ्या हातात दिले. बाकीच्यांच्या टाळांच्या दोऱ्या घामानं काळ्या पडल्या होत्या. ही मात्र कोरी होती.

"तुला पहिला मेसेज केला ना," काका म्हणाले, "त्याच दिवशी ओवली होती."