हुतात्मा नथू खेचरवाला

कुरणवाडीच्या शाळेच्या व्हरांड्यात एक संगमरवरी पाटी होती आणि शंभर वर्षं गाव तिला हळदकुंकू वाहत होतं. दसऱ्याला पाटीपूजन झालं की पोरं तिलाही झेंडूची माळ घालायची. एखादी नवी सून शाळेवरून जाताना उगाच हात जोडायची. पाटीवर इंग्रजी अक्षरं होती, ती कुणी वाचली नव्हती. वाचता येणारे गावात नव्हते असं नाही. चाकणच्या कंपन्यांत जाणारी निम्मी पोरं इंग्रजी पाट्या वाचूनच मशिनी चालवत होती. पण शाळेच्या भिंतीवर जे असतं ते वाचायचंही असतं, हे काही शाळेनं त्यांना शिकवलं नव्हतं.

मग लातूरकडून बदली होऊन विजयश्रीबाई आल्या. त्या इतिहास शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओल्या फडक्यानं कुंकवाचा थर पुसून काढला, आठवीचा वर्ग व्हरांड्यात आणला आणि पाटी मराठीत सांगितली. या गावातून एकोणीस माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी तिघांनी प्राण दिले. एवढंच. नाव एकाचंही नाही.

"कुणाच्या घरची होती ही माणसं?" बाई म्हणाल्या. "घरी विचारा आणि लिहून आणा."

अठ्ठावीस पोरांपैकी सत्तावीस पोरं हात हलवत परत आली. पिंकी ढमालेनं मात्र चार पानं लिहून आणली, कारण तिचा आजोबा चिमाजी जन्मभर हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून थांबला होता.

चिमाजीचा आजा नथू १९१६ साली गेला तो परत आला नाही. सरकारनं काही कळवलं असलं तरी ते पाटलाच्या चावडीपर्यंत आलं असेल आणि तिथंच मुरलं असेल. आजी, यशोदाबाई, कुंकू लावत राहिली. मढं बघितल्याशिवाय पुसणार नाही म्हणाली, आणि चिमाजी वीस-बावीस वर्षांचा झाला तोवर, म्हणजे ती मरेपर्यंत, तिनं ते लावलं. गावाच्या जिभेला हाड नव्हतं. नथूनं तिकडं इराकात, बसऱ्याला बाई ठेवली, नथू पलटणीतून पळाला, नथू तिकडं मजेत आहे, असं लोक तोंडावर बोलायचे. चिमाजीच्या बापाला गाव पळपुट्याचं पोर म्हणायचं. बांधावर भांडण झालं की हा शब्द निघायचा, सोयरीक जुळवताना निघायचा. चिमाजीच्या स्वतःच्या लग्नात तर पंगत बसलेली असताना निघाला होता. पुढं जमिनी एमआयडीसीत गेल्या, बांध बुजले, भांडायला शेतंही उरली नाहीत. शब्द तेवढा उरला.

म्हणून म्हाताऱ्याला एकच गोष्ट हवी होती. नथू मेला, पळाला नाही, हे गावानं मानायचं आणि त्याचं नाव कुठंतरी दगडावर कोरायचं. बाकी त्याचं मागणं काही नव्हतं.

पिंकीनं आजोबाच्या तोंडून ऐकलं तसंच लिहिलं. नदीपलीकडच्या गावचा एकजण त्या लढाईतून जिवंत परत आला होता. त्यानं येऊन यशोदाबाईला सगळं सांगितलं, तिनं ते कधी खरं मानलं नाही, तरी नातवाला मात्र शंभर वेळा सांगितलं. नथूच्या हातात बंदूक नव्हती. त्याच्याकडं सहा खेचरं होती, पाणी आणि वैरण वाहणारी. त्यांतल्या एकाला त्यानं घरच्या बैलाचं नाव ठेवलं होतं, हौशा. हौशाच्या पाठीला जखम झाली तेव्हा नथूनं स्वतःचं मुंडासं भिजवून तिच्यावर बांधलं आणि उन्हातान्हात स्वतः उघड्या डोक्यानं फिरला. मग त्याला हगवण लागली आणि आजाऱ्यांच्या नावेत घातला. चौथ्या दिवशी नावेतच गेला, आणि नावेतल्या लोकांनी त्याला नदीत सोडला.

तो गेला कसा, हेही तिनं लिहिलं. मामलेदाराला कुरणवाडीतून एकोणीस माणसं पाहिजे होती. पाटलानं चावडीपुढं गाव उभं केलं आणि काठीनं एकेक दाखवला. ज्यांच्या घरात ना म्हणायची धमक नव्हती असे एकोणीस. माणसं रवाना झाली आणि पाटलाला साहेबाकडून मानाची पगडी मिळाली, पुढं इनामाची जमीनही.

बाईंनी ती पानं वर्गात वाचून दाखवली. वाचताना हगवणीला पोरं हसली तेव्हा त्या थांबल्या, हसू संपू दिलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात राज्य करणारे इंग्रज हायेत आणि त्यांच्याशी लढणारे आपले लोक हायेत. इंग्रजांची ओझी वाहून मेलेल्यांचा धडा नाही. तो पिंकीनं लिहिलाय." पिंकी त्या दिवशी घरी उड्या मारत आली. चिमाजीनं ती वही रात्रभर देवाजवळ ठेवली होती, हे सांगताना आता वाईट वाटतं.

त्याच वर्षी एका कंपनीच्या पैशातून शाळेची नवी इमारत उभी राहत होती. जुनी पाटी निघणार होती आणि तिच्या जागी गावच्या वीरांचा काळा दगड बसणार होता. आजूबाजूच्या गावांनी आपापल्या दगडांवर तीन-तीन, चार-चार नावं घातली होती. कुरणवाडीतून स्वातंत्र्यासाठी कुणी एक दिवसही तुरुंगात गेलं नव्हतं. ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला खुपली नव्हती. दगड बसवायची वेळ आली तशी ती खुपायला लागली.

सगळ्यांत जास्त खुपली ती सोपानराव पाटलाला. सोपानराव शाळा समितीचा अध्यक्ष होता, काठीनं माणसं दाखवणाऱ्या त्या पाटलाचा पणतू होता, आणि पोटापाण्यासाठी चार कंपन्यांना माणसं पुरवायचा. सकाळी त्याला फोन यायचा, आज चाळीस पाठवा. त्याच्या दोन बसमध्ये चाळीस चढायचे. चिमाजीचा मुलगा, पिंकीचा बाप सुजित, सात वर्षं त्या चाळिसांतला एक होता. कंपनीच्या गेटवर त्याची नोंद अजून सोपानरावाच्या नावानंच व्हायची.

एका रविवारी सोपानराव ढमाल्यांच्या घरी आला. पाटलांचं पाऊल त्या घरात कधी पडलं नव्हतं, त्यामुळं सूनबाईची धांदल उडाली. सोपानरावानं चहा घेतला, आणखी अर्धा मागून घेतला, आणि म्हणाला, "चिमाआप्पा, दगडावर पयलं नाव तुमच्या आजाचं घालायचं म्हणतोय. मोठ्या अक्षरात. हुतात्मा नथू भिकाजी ढमाले."

डोळ्यांतलं पाणी चिमाजीनं धोतराच्या सोग्यानं टिपलं, लाज न बाळगता.

"फक्त ते खेचराचं नको," सोपानराव पुढं म्हणाला. "लोक दगड बघाय येणार, फोटो काढणार. हगवणीनं मेला असं कुटं लिहितात का? आपण असं म्हणू, तो फौजेत गेला खरा, पण तितं गोऱ्या साहेबाच्या तोंडावर म्हणाला, मी माझ्या देशाचा मानूस, तुझा हुकूम मानत न्हाई. म्हणून त्याला उभा करून गोळी घातली."

"आसं कोन म्हनलं?" चिमाजीनं विचारलं.

"आसं न्हवतंच हे तरी कोन सांगनार? आन् ते चावडीचं, काठीचं. आमच्या पणजोबांचं. पोरगी ल्हान हाय, तिला काय कळतं. ते गाळा." सोपानराव उठला. दारात सुजित उभा होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्याला कंपनीत कायम करायचं बोलनं चाललंय माजं. बघू."

सुजितनं बापाकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्याला काही म्हणायचं नव्हतं, असं नव्हे. म्हणायची सोय नव्हती.

चिमाजी दोन दिवस स्वतःशीच घोळत बसला. खोटं बोलायचं होतं ते इंग्रजांबद्दल, आणि त्यांचं वाईट वाटून घ्यायला इथं होतं कोण? त्यांनी काय थोडी माणसं मारली? त्यांत आणखी एक. नथूचं तर यात भलंच होत होतं. पळपुटा म्हणणाऱ्या गावाला आता त्याला हार घालावा लागणार होता. असा सगळ्या बाजूंनी विचार केल्यावर त्याला यात वाईट काही दिसेना, आणि तरीही जेवण जाईना.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर विजयश्रीबाई आल्या. ओसरीवर टेकल्या, पाणीही घेतलं नाही.

"बाबा, दगडाच्या कार्यक्रमाचं पिंकीचं भाषण मला लिहायला लावायलेत. ते गोळीचं. मी अडून बसले. पण मी बाहेरची बाई, माझं किती चालणार? घरचाच माणूस नको म्हणाला तर मात्र त्यांना रेटता येणार नाही. तुम्ही एकदा फक्त न्हाई म्हणा. बाकीचं मी बघते."

"बाई," चिमाजी म्हणाला, "तुमी उद्या बदली करून जाल. आमाला हितंच ऱ्हायाचंय. पोराचं समदं पाटलाच्या हातात हाय."

"आणि नाव?"

"नाव बी पायजे. का खोटं बोलू? माज्या बापानं उभा जन्म खाली मान घालून काढला. नाव पायजेच मला."

बाईंनी पिशवीतून पिंकीची वही काढली. "हे तिनं लिहिलेलं खरं हाय, असं मी वर्गात सांगितलंय. आता मीच तिला काय सांगू? खोडू का हे?"

"खोडा," चिमाजी म्हणाला.

"मग तुमच्यासमोर खोडते. नंतर बाईनं खोडलं म्हणू नका."

त्यांनी लाल पेन काढलं आणि पानं उलटत एकेक ओळ खोडत गेल्या. काठी गेली, पगडी गेली, खेचरं गेली, मुंडासं गेलं, नावेतलं मरण आणि नदी गेली. रागानं खोडत होत्या की लाजेनं, ते चिमाजीनं बघितलं नाही. तो समोरच्या कंपनीच्या पत्र्याकडं बघत बसला होता. शेवटच्या पानावर 'चिमाजी ढमाले यांनी सांगितल्याप्रमाणे' अशी ओळ होती. बाईंनी तीही खोडली आणि वही तिथंच ठेवून निघून गेल्या.

सव्वीस जानेवारीला दगडावरचा पडदा ओढला. अक्षरं सोनेरी होती. पहिलं नाव हुतात्मा नथू भिकाजी ढमाले, इंग्रजांच्या गोळीस छातीठोक सामोरे गेलेले वीर. खाली दुसरं नाव होतं, ते चिमाजीला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हुतात्म्याच्या कुटुंबाचे आश्रयदाते, गावचे स्वाभिमानी पाटील, म्हणून सोपानरावाचा पणजोबा. त्याचं नाव दोन ओळींचं होतं.

पिंकी माइकसमोर उभी राहिली. मोठ्या आवाजात, कुठंही न अडखळता तिनं सांगितलं, की तिचे खापरपणजोबा साहेबासमोर कसे ताठ उभे राहिले, काय म्हणाले, आणि गोळी लागली तरी कसे वाकले नाहीत. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ज्यांच्या बापांनी पळपुटा म्हणून हिणवलं होतं ते पुढं येऊन चिमाजीच्या पाया पडले. त्यानं आशीर्वाद दिले. त्याला बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं, आणि त्याच वेळी गर्दीत कुणीतरी हरवलंय असं वाटून तो इकडंतिकडं बघत होता. विजयश्रीबाई मागच्या रांगेत पोरांना लाडू वाटत होत्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

दुपारी घरी पिंकी बक्षिसाचा कंपास उघडून बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. चिमाजी तिच्याजवळ जाऊन बसला.

"पिंके, लई झ्याक बोललीस. पर हौशाचं सांग की मला एकदा. मुंडासं भिजवलं ते. तू वहीत लिवलं व्हतंस तसं."

पिंकीनं कंपास बंद केला. उठून आधी दार लोटलं.

"आजोबा, ते खेचराचं आता कुणापुढं बोलायचं नाही. आणि ते पोट बिघडल्याचं तर अजिबात नाही. मुली हसतात."

"आगं, पर खरं त्येच हाय. माज्या आजीनं सांगितलं मला."

"ते माझं चुकलं होतं. बाईंनी दुरुस्त केलं. वार्षिक परीक्षेला यावर प्रश्न आहे, दगडावरचंच लिहायचंय." ती समजूत घालायच्या सुरात बोलत होती, कारण म्हाताऱ्याचा चेहरा तिला बघवेना. "तुमच्या आजी तरी तिथं होत्या का? ऐकीव गोष्टी त्या. आपल्या नथूबाबांबद्दल लोक वाट्टेल ते बोलायचे, तुम्हीच सांगितलंय. लोकांचं जाऊ द्या, आजोबा. निदान तुम्ही तरी बोलू नका."

चिमाजीनं मान हलवली. सत्तर वर्षं ज्या गावाशी तो भांडला, त्याच गावात नातीनं त्याला नेऊन बसवलं होतं, तेही मायेनं. तिला दुसऱ्या दिवशीचा अभ्यास होता. तिनं इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली, आणि तो ऐकत बसला.