कालव्यावरचे शुक्रवार

मी एक जुनी गळाची काठी आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, काठीचं काय एवढं कौतुक! पण मी साधीसुधी काठी नव्हे. बांबूच्या सहा बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवून आणि वर रेशमी दोरा गुंडाळून स्कॉटलंडमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. माझ्या दोऱ्याला कुणी गांडूळ लावत नाही. कोंबड्याच्या पिसाची, नखाएवढी खोटी माशी बांधतात. ती बुडत नाही, पाण्यावर कोरडीच तरंगते. मासा तिला खरी समजून वर येतो, टपकन तोंड मारतो, आणि त्याच क्षणी मला उचलावं लागतं. पापणी लवली की मासा गेला. म्हणून या खेळात हातापेक्षा नजर मोठी.

माझं तारुण्य थंड ओढ्यांवर गेलं. थंडी सरत आली, डोंगरावरचा बर्फ वितळू लागला की वर्षातल्या पहिल्या माश्या पाण्यावर भिरभिरायच्या आणि अंगभर ठिपके असलेला ट्राउट मासा हळूच वर यायचा. माझे मालक इंजिनियर होते. ते मासा धरायचे, ओल्या हाताने गळ सोडवायचे आणि त्याला परत पाण्यात सोडायचे. दिवसभरात दोन मासे आले तरी स्वारी खूश! पुढे नोकरीसाठी ते सौदीत, अबकैकला आले आणि मलाही घेऊन आले. वाळवंटात कुठला आलाय ट्राउट? सात वर्षं मी कपाटावर धूळ खात पडले.

निवृत्त होऊन मायदेशी परतताना साहेबांनी मला दौलतच्या हातात दिलं. दौलत साताऱ्याकडचा, पाटणचा. कारखान्यात क्रेन चालवायचा. क्रेनच्या खाली उभा राहून ओझं बांधायचा तो नसरुद्दीन, जयगडच्या खाडीकाठचा. वर केबिनमध्ये दौलत आणि खाली हातांच्या खुणा करणारा नसरुद्दीन, अशी त्यांची जोडी चौदा वर्षांची. कॅम्पातली खोलीही एकच. त्या खोलीत भांडणं व्हायची ती फक्त एसी किती ठेवायचा यावरून.

थंडी ओसरली की दर शुक्रवारी नसरुद्दीन गाडी काढायचा आणि आम्ही तासाभरावरच्या हुफूफला जायचो. तो जुम्म्याची नमाज पढून येईपर्यंत दौलत हम्माद नावाच्या शेतकऱ्याच्या खजुराच्या बागेत बसून पिसांच्या माश्या बांधायचा. मग बागेमागच्या कालव्यावर आमचा मुक्काम. तिथे ट्राउट नव्हता, चिलापी होती. पण पाण्यावर माशी तरंगत असताना चिलापीसुद्धा कधीकधी फसते बरं का!

पहिला मासा लागला तेव्हा नसरुद्दीनने तो लगेच सोडून दिला. दौलत बघतच राहिला.

"पकडायचा आणि सोडायचा? मग आलो कशाला, नसरू? रस्सा कशाचा करू?"

"तुझ्या हातचा रस्सा खाल्लाय मी. त्यापेक्षा जाऊ दे त्याला, दुवा तरी देईल."

त्या दिवसापासून आम्हीही मासे सोडू लागलो. थर्मासमधला चहा, गुंडाळलेली चपाती, खजुराच्या झावळ्यांची सावली आणि पाण्यावरचा तो पांढरा ठिपका. एवढ्याशा सुखावर दोघांचा आठवडा निघायचा. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच, हे मी स्कॉटलंडची असूनही सांगते.

दौलतला साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं, पण हम्मादने ताट पुढे केलं की दौलतचं पथ्य खजुराच्या बीबरोबर बाहेर पडायचं. हळूहळू त्याचा हात उशिरा उठू लागला. मासा तोंड मारून निघून जायचा आणि मग मला झटका बसायचा. मला सगळ्यांच्या आधी कळलं, मित्रांनो. पण सांगणार कोणाला?

दोन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी दौलत म्हणाला, "नसरू, पुढच्या आठवड्यात मेडिकल आहे. डोळ्यांचा नंबर जरा वाढलाय. त्या तक्त्यावरची अक्षरं लिहून आणशील? पोरीचं, रोशनीचं कॉलेज संपेपर्यंत निभावलं म्हणजे झालं."

नसरुद्दीनची तपासणी दौलतच्या दोन दिवस आधी, गुरुवारी होती. तो चिठ्ठीवर अक्षरं उतरवून आला आणि शुक्रवारी त्या कालव्याच्या काठावर दौलतने ती पाढ्यांसारखी घोकली. चुकला की नसरुद्दीन त्याच्या पाठीत धपाटा घालायचा. दोघंही पोरांसारखे हसत होते. तक्ता बदलला नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीही दौलत पास झाला.

या फेब्रुवारीत एका शुक्रवारी आम्ही पुन्हा निघालो. त्या आठवड्यात एक घटना घडली होती. पाइपांचा जुडगा खाली येत असताना नसरुद्दीनने थांबण्यासाठी मूठ वर केली होती, पण जुडगा थांबला नाही. नसरुद्दीन मागे उडी मारून वाचला. दौलतने ब्रेकला दोष दिला.

कालव्यावर पोहोचल्यावर नसरुद्दीन म्हणाला, "आण, आज माशी मी बांधतो."

त्याने माझा दोरा हातात घेतला. जुनी माशी तोडली, आपल्या टोपीत खोचली आणि दोऱ्याला काहीच न बांधता मला दौलतच्या हातात दिलं. दौलतने झोकात दोरा फेकला.

"दिसतेय का रे माशी?" नसरुद्दीनने विचारलं.

"ही काय, मधोमध. मस्त तरंगतेय आज."

नसरुद्दीनने दोरा ओढून घेतला आणि त्याचं टोक दौलतच्या तळहातावर ठेवलं. दौलतने ते चाचपलं, पुन्हा चाचपलं. मग मला जमिनीवर ठेवून तो खाली बसला.

"कोणाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"कोणालाच नाही. पण दौलत, त्या जुडग्याखाली रोज फक्त मी नसतो. सहा माणसं असतात. उद्या तू सांग, नाहीतर मी सांगणार."

"सांग मग! चौदा वर्षांची दोस्ती अशी फेड." दौलतने दोऱ्याचं टोक भिरकावलं. "घरी आंधळा होऊन जाऊ? बायकोला, तुळसाबाईला काय तोंड दाखवू?"

नसरुद्दीनने मला उचलून गाडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत स्वतःच्या पायांनी ऑफिसात गेला आणि सांगून आला. डॉक्टरांनी डोळे तपासले. साखरेने आतला पडदा खाल्ला होता. गेलेली नजर आता परत येणार नव्हती.

इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द होऊन कायमचं घरी जायची फायनल एक्झिट लागायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत एका खोलीत राहून दौलत नसरुद्दीनशी एक शब्द बोलला नाही. निघायच्या दिवशी नसरुद्दीनने त्याची बॅग बांधली आणि मला वर ठेवलं. दौलतने हाताने चाचपून मला बाहेर काढलं आणि परत त्याच्याकडे दिलं.

"मला काय करायचीय आता?" तो म्हणाला. तीन आठवड्यांतलं पहिलं बोलणं ते.

नसरुद्दीन मला धरून उभा राहिला. "डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांआधी आला असता तर डोळे वाचले असते. दोन वर्षांआधी मी चिठ्ठी आणली."

"मीच मागितली होती ना? नाही म्हणाला असतास तर मी तुझ्याशी बोललो नसतो."

"नसतास बोलला, दौलत. पण बघत तरी राहिला असतास."

दौलतने हात पुढे केला. तो नसरुद्दीनच्या खांद्यापर्यंत पोहोचायच्या आधी हवेत थोडा चुकला. मग दोघं बराच वेळ रडले, आणि खाली गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला.

आता मी कपाटामागे उभी आहे. या कोरड्या हवेत माझ्या पट्ट्या सुटत चालल्यात, दोरा उसवलाय. नसरुद्दीन कालव्यावर जात नाही. मला माझं फारसं वाईट वाटत नाही, माझं वय झालंय. वाईट वाटतं ते त्या चिठ्ठीच्या दिवसाचं, कारण त्या दिवशी आम्ही तिघंही फार खूश होतो.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तुमचे बाबा, काका, मामा परदेशातून सुट्टीवर आले की त्यांनी आणलेल्या बॅगा उघडायच्या आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. ते नको म्हणतील, मला काही झालं नाही म्हणतील. आणि कधी कुणी लाडीगोडी लावून म्हणालं, की जरा तेवढी अक्षरं सांग रे, तर सांगू नका. रुसलं तर रुसू द्या.